पूजेआधी हात लावलेली फळी

दिघ्याच्या वखारीतून सागाच्या पातळ पट्ट्या आणल्या होत्या. बाबांच्या होडीची छोटी प्रतिकृती करायची म्हणून मी त्या मोदकपात्रात वाफवत होते. त्या वाफेचा कडवट, तेलकट वास आला आणि मी दहा वर्षांची होऊन बोनकोड्याच्या खाडीवर उभी राहिले.

ओल्या गोणपाटात वाफवलेली फळी बाबा आणि काका नव्या होडीच्या अंगाला वाकवत होते. बाबांना जेवायच्या आत काम उरकायचं होतं. फळी किती गरम आहे बघायला मी नुसतं बोट टेकवलं, आणि ती कडाडून फुटली.

"पूजेआधी पोरीनं हात लावला, म्हनून फुटली!" बाबा सगळ्यांदेखत ओरडले. पुढे माझा भाऊ त्या होडीतून पार न्हावा गावापर्यंत गेला. मला मात्र कुणी तिच्यात पाय ठेवू दिला नाही.

आज घाईत पट्टी लवकर काढली, तर तीही तशीच तिरकी फुटली. वाफ मुरली नव्हती, एवढंच! माझं डोकंच फिरलं. कारण आता आठवलं, मला घरी हाकलल्यावर मी दारातून पाहिलं होतं, दुसरी फळी बाबांनी संध्याकाळपर्यंत वाफवली होती.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं.