बुरूल एजेंचे डोळे

काराकोल शहराच्या बाजारात माझं सुया-दोरे, बटणं आणि रुमालांचं दुकान आहे. मधल्या पातळ भिंतीपलीकडे बुरूल एजेंचा फोटो स्टुडिओ. एजे म्हणजे ताई. त्या माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. नवरीचा फोटो काढावा तर त्यांनीच, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. नदीकाठच्या पॉपलरांसमोर नवरीला उभी करायच्या, लांब नळीचं जुनं भिंग लावायच्या आणि अॅपर्चर पूर्ण उघडायच्या. फोटोत डोळे लख्ख, एकेक पापणी वेगळी, आणि मागची झाडं सायीसारखी मऊ.

"सोनून, भिंगातलं भोक मोठं ठेवलं ना, की बोटभर जाडीचंच जग स्पष्ट येतं," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "त्या बोटभरात नवरीचे डोळे बसवायचे. एवढंच मला येतं."

फोकस एजे हातानेच करत. नवीन कॅमेऱ्यात ते आपोआप होतं असं कुणी म्हणालं की विचारायच्या, "का, माझा हात मोडलाय?"

मागच्या वर्षी वसंतात त्यांनी मीरीम नावाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो काढले. आठवड्याभरात तिची सासू काल्बुबू आल्बम घेऊन स्टुडिओत शिरली. तिचा आवाज माझ्या दुकानात जसाच्या तसा येत होता.

"बुरूल, माझ्या सुनेच्या कानातला डूल बघ. मणी मोजून घे. आणि आता तोंड बघ! उकळत्या पातेल्याच्या वाफेत उभी केल्यासारखं."

"वारा होता. ती हलली असेल," एजे म्हणाल्या.

"चोवीस फोटोंत चोवीस वेळा हलली? माझी सून आहे की झोका?"

त्या दिवसापासून एजेंनी अॅपर्चर अकरावर, म्हणजे बारीक भोकावर, नेऊन ठेवलं ते तिथेच. भोक बारीक केलं की जवळचं, लांबचं सगळंच ठळक येतं; फोकस चार बोटं इकडेतिकडे झाला तरी खपून जातो. पण मग नको तेही ठळक येतं. एका नवरदेवाच्या खांद्यामागे कचऱ्याचा डबा, डब्यावर मांजर आणि मांजराच्या मिशा इतक्या छान आल्या, की त्याचा मेहुणा म्हणाला, "एक प्रत मांजराच्या घरी पण पाठवा."

लोक हसले. एजेही हसल्या. मला वाटलं, वय झालं, हौस संपली असेल.

मग वर्ष उलटल्यावर जूनमधली एक सकाळ. माझ्या दाराशी रुमाल गुंडाळलेला लाकडी पुतळा उभा असतो. एजे येताना त्याच्यासमोर थांबल्या, मान लववली आणि म्हणाल्या, "काल्बुबू, अजून रागावलीस का गं?"

मी फिसकन हसले. "एजे, ती काल्बुबू असती तर एव्हाना चार शब्द ऐकवले असते!"

त्या हसल्या नाहीत. आत येऊन स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. आईसारखंच होणार आपलं, म्हणाल्या. त्यांच्या आईला साठीत काचबिंदू झाला होता. शेवटची पाच वर्षं ती चहाचा वाडगाही चाचपडून उचलायची. आपल्याला धूसर दिसतंय हे एजेंनी गेलं वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"डॉक्टरकडे गेलात?"

"त्यांनी सांगितलं तर ते खरं होईल ना गं."

"आणि नाही सांगितलं तर पुतळ्यांशी बोलत बसाल," मी म्हटलं, दुकानाला कडी घातली आणि त्यांचा दंड धरून निघाले. वाटेत त्या दोनदा परत फिरल्या. दोन्ही वेळा मी ओढून आणलं.

डोळ्यांची डॉक्टर उल्पान नावाची तिशीतली मुलगी होती. तिने एजेंना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वरच्या दोन ओळी कशाबशा निघाल्या. तिसरी ओळ वाचताच येईना.

मग उल्पानने दांडीची एक काळी चकती काढली. तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. एजेंचा एक डोळा झाकून ती चकती तिने दुसऱ्या डोळ्यासमोर धरली.

"आता वाचा, आपा."

एजेंनी तिसरी ओळ वाचली. चौथी वाचली. सहाव्या ओळीपर्यंत न अडखळता गेल्या आणि एकदम ओरडल्या, "अगं, तू माझं अॅपर्चर बारीक केलंस!"

उल्पान गोंधळली. "काय केलं मी?"

"भोक बारीक, म्हणजे सगळं स्पष्ट. मी वर्षभर कॅमेऱ्यात हेच करतेय. मग बिघाड डोळ्याच्या भिंगात आहे, हो ना? आतली फिल्म शाबूत आहे?"

"शाबूत दिसतेय," उल्पान हसून म्हणाली. "आतला पडदा बिघडला असता तर भोकातूनही असं वाचता आलं नसतं. पण थांबा, आईचं सांगितलंत ना, डोळ्यांतला दाबही बघते."

तिने थेंब घातले, दाब मोजला, उजेड टाकून डोळ्याच्या आतवर पाहिलं. ती दहा मिनिटं एजेंनी माझा हात असा दाबून धरला होता, की अंगठीचा वळ उठला.

"काही नाही. नंबर आहे, तोही चांगला मोठा. चष्मा लावा, आणि दर वर्षी दाखवत जा."

बाहेर आल्यावर एजे पायरीवर बसल्या आणि रुमालाने नाही, तळहातांनीच तोंड पुसत राहिल्या. थेंबांमुळे त्यांना ऊन सोसवत नव्हतं. मी त्यांना बाजारात अश्ल्यान-फू खायला नेलं. थंडगार, आंबट, झणझणीत शेवयांचे दोन वाडगे त्यांनी एका दमात संपवले, वर बटाटा भरून तळलेली गरम पिरोश्की. वर्षभर अन्न घशाखाली नीट उतरलंच नव्हतं, म्हणाल्या.

चष्मा आठ दिवसांनी आला. तो लावून त्या सगळ्यात आधी गेल्या काल्बुबूच्या घरी. झालं ते खरं सांगितलं आणि मीरीमला पुन्हा नवरीचे कपडे घालायला लावले.

"आधी नाही सांगायचं, गाढवे?" काल्बुबू म्हणाली. "मी काय तुझे डोळे खाल्ले असते?"

या वेळी अॅपर्चर पूर्ण उघडं होतं. मीरीमला सहावा महिना होता, म्हणून फोटो छातीपर्यंतच काढले. काल्बुबूने त्यातला एक मोठा करून बैठकीत लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सुनेच्या पापण्या दाखवते आणि एजेंचा पत्ता देते.