उंबऱ्याबाहेरचे साचे

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या वयात कुणी आपल्याला शिकवायला येईल असं मला वाटलं नव्हतं. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेलो. पण बैलगाडी हाकण्यात आणि दिल्या शब्दाला जागण्यात पाटोदा तालुक्यात माझ्या तोडीचा माणूस दाखवा म्हणावं.

त्या साली पोरगा आणि सून ऊसतोडीला गेली आणि सहा वर्षांची नात आमच्या म्हाताराम्हातारीजवळ राहिली. जन्मापासून तिच्या पायांच्या नसा ताठ. उभी केली की टाचा वर. चवड्यांवर चालायची, तेही भिंतीला धरून. जिभेला मात्र कसलाच ताठपणा नव्हता. घरात हुकूम तिचेच चालायचे, म्हणून मी तिला पाटलीणबाई म्हणायचो.

दर बुधवारी मी तिला खांद्यावर बसवून गावच्या शाळेत न्यायचो. तिथं अशा लेकरांचे व्यायाम घ्यायला तालुक्याहून एक बाई यायची. फिजिओथेरपिस्ट म्हणतात तिला. माझ्या तोंडात ते बसेना, मी आपलं डाक्टरीणबाई म्हणायचो. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी, पण आवाज मुकादमाचा.

"बाबा, खांद्यावर नका आणू. हाताला धरून चालवत आणा."

"रस्त्यात खडे हायेत, बाई."

"मग खड्यांना म्हणा, बाजूला व्हा. सगळं गाव तुमचं ऐकतं म्हणता ना."

पोरगा निघायच्या आधी बाईनं नातीच्या पायांचं माप घेऊन पांढऱ्या प्लास्टिकचे दोन साचे करून आणले. पोटरीच्या मागून उतरून टाचेखालून बोटांपर्यंत जाणारे, वर बांधायला पट्टे. पाय त्यात बसला की टाच खाली राहते. बाई म्हणाली, "हे दिवसभर घालायचे. उन्हाळ्यापर्यंत टाच खाली आली तर ठीक. नाही आली, तर मोठ्या दवाखान्यात नेऊन नस सोडवावी लागेल."

नस सोडवायची म्हणजे पाय चिरायचा, एवढं मला कळतं. पोरगा गाडीत बसताना पोरीच्या पायांकडंच बघत होता. मी म्हणलो, "जा बिनघोर. तुमी परत याल तवा पोरगी टाच टेकून उभी असल." म्हणलो म्हणजे म्हणलो.

दर बुधवारी बाई पाय हातात घेऊन वाकवून बघायची आणि तिचं तोंड बारीक व्हायचं.

"घालते ना दिवसभर?"

"दिवसभर."

"नक्की?"

"बाई, मी खोटं बोलत न्हाई."

आणि मी बोलतही नव्हतो. दाराबाहेर पडली की पोरीच्या पायात साचे असायचेच.

संक्रांत झाली तरी टाच वरच. मग एका दुपारी बाई न सांगता स्कूटीवर घरी आली आणि दारातच थांबली. बाहेर ओळीनं माझ्या चपला, म्हातारीच्या चपला आणि त्यांच्या शेजारी दोन्ही साचे, चवडे अंगणाकडं करून, नीट मांडलेले. आत पाटलीणबाई टाचा वर करून शेंगा फोडत बसलेल्या.

"बाबा, हे इथं काय करतायत?"

"मग कुठं ठेवू? पायातली वस्तू उंबऱ्याच्या आत येत न्हाई आमच्यात. बापजाद्यापास्नं."

"आणि ही दिवसभर कुठं असते?"

"घरात."

बाई उंबऱ्यावरच बसायला लागली. मी म्हणलो, "उंबऱ्यावर बसू नये." मग ओट्यावर टेकली. तिनं कपाळाला हात लावला, आणि ही गोष्ट मी अजून पारावर सांगतो.

मग म्हणाली, "कारखान्याला गाडी हाकायचात, तेव्हा बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचात का?"

"मारल्याबिगर बैल डांबरीवर टिकतो व्हय?"

"मग संध्याकाळी गोठ्यात बांधताना त्या उपसून बाहेर ठेवायचात?"

आत चुलीपाशी म्हातारी हसल्याचा आवाज आला.

"बैल देवघरात जात न्हाई," मी म्हणलो. जबाब तयार होता माझा.

तेवढ्यात पाटलीणबाई बोलल्या. "आबा, तुझा कमरंचा पट्टा कातड्याचा हाय ना?"

"हाय. मग?"

"मग त्यो लावून देवापुढं कशाला बसतोस? ठिव की चपलांपशी."

"ह्या पोरीला कोण शिकवतं गं हे?" मी आत बघून विचारलं.

"शिकवायला कशाला पायजे," म्हातारी म्हणाली. "तुमच्यावरच गेलीया."

बाई हसली नाही. म्हणाली, "अजून थोडे दिवस हातात आहेत, बाबा. आजपासून दिवसभर घातले तर जमेल. कदाचित. खात्री मी देत नाही."

"बघू," मी म्हणलो.

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

ती उठली. जाताना तिनं साच्यांना हात लावला नाही, जिथं होते तिथंच राहू दिले. माझ्या घरात काय व्हायचं ते माझ्या हातानं व्हावं, एवढं तिला कळत होतं. डाक्टरीणबाई हुशार.

संध्याकाळी जेवायला बसण्याआधी मी कमरेचा पट्टा सोडला आणि दाराबाहेर खुंटीला अडकवला. नियम म्हणजे नियम. जेवण झालं, हात धुतला, पण उठायला जमेना. पट्ट्याबिगर कंबर धरली होती. म्हातारीनं एक हात धरला, पाटलीणबाईंनी भिंत सोडून दुसरा. मला उभं करेपर्यंत दोघींचं हसू थांबेना.

"पट्टा आणू का आत?" म्हातारीनं विचारलं.

आणि तिनं आणलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही साचे हौदावर नेऊन साबणानं घासले. घरात शहाबादी फरशी, प्लास्टिक तिच्यावर घसरायचं. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले आणि सोल्युशन लावून तळाला चिकटवले, खुराला पत्री बसवावी तसे. वाळल्यावर माझ्याच हातानं उंबऱ्याच्या आत आणले. कमरेला पट्टा आवळून खाली बसलो आणि तिचे पट्टे बांधले.

"आबा, सैल झालं," पाटलीणबाई म्हणाल्या.

मी तिचा पट्टा अजून एक घर आत आवळला.