या गं बायांनो

चाकूरला आमच्या शेजारच्या मावशी दाणे टाकताना कोंबड्यांना हाक मारायच्या, "या गं बायांनो, या!" आमचं मांजरही त्या हाकेला पळायचं. बर्ड फ्लूची बातमी आली, तेव्हा मावशी हसल्या. "कोंबड्यांना मानमोडीची साथ दरसाल येती. लई बघितल्या."

मग गल्लीत कावळे मरून पडले. पांढऱ्या पोशाखातली माणसं कोंबड्या धरून मारायला आली, पण एकही हाती लागेना.

"हे लेकरान्ला लागतंय का?" मावशींनी दारात खेळणाऱ्या नातीकडे बघत विचारलं.

"लागू शकतं," एक जण म्हणाला.

मावशींनी पदर सावरला आणि हाक मारली. साऱ्या धावत आल्या.

आता मावशी नातीलाही हाक मारत नाहीत. जवळ जाऊन तिचा हात धरतात.