ग्रेपला दोन ओळी मागितल्या

चाकणच्या कंपनीत इंटर्नशिपनंतर मला ठेवायचं की नाही, हे सिनियर ठरवणार होते. ते म्हणाले, "मशीनच्या नोंदींच्या लॉगमध्ये 'अलार्म'च्या लगेच खालच्या ओळीत 'रीसेट' कुठे आलंय, ते ग्रेपने, त्या शब्द शोधणाऱ्या कमांडने, शोध."

मी कमांडमध्ये अलार्म लिहिलं, एंटर दाबलं, रीसेट लिहिलं. शेकडो ओळींनी स्क्रीन भरून वाहू लागली. घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच, म्हणून मी अधिकाराने मेंटेनन्सला फोन केला: इतके अलार्म, म्हणजे मशीन गेलंय.

सिनियरनी माझी स्क्रीन पाहिली. "अरे भावा, ग्रेप एकेक ओळच बघतो. त्याने दोन्ही शब्द वेगवेगळे शोधले. -Pzo लाव, म्हणजे तो सगळी फाइल एकत्र बघेल, आणि दोन शब्दांच्या मध्ये \n लिही, म्हणजे नवी ओळ."

एकच जागा सापडली.

"सर, मेंटेनन्सवाले मशीन उघडतायत."

"मग खाली जाऊन तूच सांग, मशीन ठणठणीत आहे म्हणून."

"आणि माझ्या नोकरीचं?"

"आधी त्यांच्या तावडीतून सुटून ये, मग बघू."