तेलाच्या चिंध्या

माझ्या रूमवरच्या दोघा मित्रांना माझं जवळपास सगळं ठाऊक आहे. बारावीला किती पडले, घरी किती एकर, कुठल्या पेपरला रडलो. एवढं एक ठाऊक नाही. आईलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल — बघतो.

मी भोकरकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. लातूरला शिकायला आलो तेव्हा मामांकडे राहिलो. मामा पॉलिशचं काम करतात — दारं, दिवाण, कपाटं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली त्या मे महिन्यात रेणापूर रोडला एका डॉक्टरांच्या फार्महाऊसवर काम निघालं. घरापुढं सागवानी पट्ट्यांचा मोठा ओटा होता, जमिनीपासून गुडघाभर उंच. डॉक्टर त्याला डेक म्हणायचे, मामा शेवटपर्यंत ओटाच म्हणाले. उन्हापावसानं लाकूड राखाडी पडलं होतं. ते घासून, धुवून, दोन दिवस वाळवून, पावसाळ्याआधी त्याला तेल पाजायचं होतं.

तेल डॉक्टरांनीच बाहेरून मागवलेलं. डब्यावर सगळं इंग्रजीत. मामांनी असलं तेल आधी वापरलं नव्हतं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ बरं, काय काय लिवलंय. तुला येतंय ते."

मला येत होतं का? थोडं. पातळ हात मारा, जास्तीचं तेल फडक्यानं पुसून घ्या, कडक उन्हात लावू नका — एवढं कळलं, तेवढं मी मोठ्यानं मराठीत सांगितलं. खाली बारीक अक्षरात एक चौकट होती. तिच्यातले निम्मे शब्द मला लागले नाहीत. खिशात मोबाईल होता. फोटो काढला असता तर मराठी होऊन आलं असतं. पण मामांसमोर मोबाईल काढायचा — म्हणजे मग मला काय येतं? मी म्हणालो, बाकी नेहमीचंच आहे, लहान मुलांपासून दूर ठेवा वगैरे.

सकाळी सहापासून आम्ही तेल लावलं. मामा पुढं लावत जायचे, मी मागून पुसायचो. मामींच्या जुन्या सुती लुगड्यांच्या चिंध्या होत्या. एक भिजली की मी ती गोळा करून ओट्याखाली, पायऱ्यांच्या बाजूला सावलीत टाकायचो. बाराच्या सुमारास शेवटची टाकली तेव्हा ढीग हाताला कोमट लागला. उन्हाळाच आहे, असं वाटलं. पण तिथं ऊन येत नव्हतं, हेही मला दिसत होतं.

तिथं राखणीला मारोतीकाका होते, उदगीरकडचे. ते आणि त्यांची बायको फाटकाजवळच्या खोलीत राहायचे. जेवण झाल्यावर ते पायऱ्यांवर बसून बिडी ओढायचे. डॉक्टरांनी त्यावरून त्यांना दोनदा झापलं होतं. मामा त्यांना चिडवायचे, "मारोतराव, आमच्या वट्याला धुरी देऊ नका." त्यावर ते म्हणायचे, "तुमच्या तेलाच्या वासापरीस माझी बिडी बरी." त्या दिवशीही ते बसले. मी आंब्याखाली आडवा पडलो होतो. बिडी संपल्यावर ते उठले, नळाखाली धरून ती विझवली आणि मग थोटूक फेकलं. हे मी पाहिलं. मी पाहतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

पाचच्या सुमारास आम्ही बोअरवर हातपाय धूत होतो. ओट्याखालून धूर निघाला, मग जाळ. मारोतीकाका धावत आले, आम्ही तिघांनी बादल्या ओतल्या. पायऱ्यांकडच्या सहा-सात पट्ट्या आणि कठडा जळाला. कुणाला इजा झाली नाही. मामांनी डॉक्टरांना फोन लावला.

ते येईपर्यंत मी डबा घेऊन टाकीमागं गेलो आणि त्या चौकटीचा फोटो काढला. मोबाईलनं लगेच मराठी करून दिलं. तेलाची फडकी ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा सुटी पसरून वाळवा. मी ते दोनदा वाचलं. मग डबा जागेवर ठेवला — छापील बाजू भिंतीकडं करून.

म्हणजे डॉक्टर आले तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे मला नीट सांगायचं आहे, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस समजावलं की तेव्हा मी गोंधळलो होतो. नव्हतो.

डॉक्टरांना पायऱ्यांजवळ थोटूक सापडलं. मारोतीकाका म्हणत होते, "म्या इझवून टाकली साहेब. लेकराची आण." डॉक्टरांनी मामांना विचारलं, मामा म्हणाले, मला ठाऊक नाही. मग ते माझ्याकडं वळले. तू शिकणारा मुलगा आहेस, म्हणाले, तू खरं सांग, हा इथं बिडी ओढत होता का?

मी म्हणालो, "हो. दुपारी ओढत होते."

यात एक शब्द खोटा नाही. विझवली होती का, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? मला माहीत नाही — खरंच नाही. मामांचं काम जाईल म्हणून गप्प बसलो, असं म्हणता येईल. पण त्या क्षणी मामा माझ्या डोक्यात नव्हते. मला इंग्रजी वाचता आलं नाही हे चारचौघांत कळेल, एवढंच होतं.

डॉक्टरांनी मारोतीकाकांना कामावरून काढलं. पाचव्या दिवशी ते खोली सोडून गेले. टेम्पोत दोन पेट्या, एक पलंग आणि शेळी. जाताना ते मामांशी बोलले. मला फक्त म्हणाले, शिकून घे.

जळालेल्या पट्ट्या मामांनी बदलल्या. पुढच्या मेमध्ये तेल लावायला पुन्हा आम्हीच. या वेळी मी एकेक चिंधी तारेच्या कुंपणावर सुटी पसरली. मामांनी कारण विचारलं, मी म्हणालो, डब्यावर लिहिलंय. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगतात की भाचा बारीकसारीक सगळं वाचतो.

गेल्या दिवाळीत मित्राच्या गावी निघालो होतो, तर उदगीरच्या स्टँडवर मारोतीकाका भेटले. त्यांनीच हाक मारली. आता एका आडत दुकानात पोती शिवतात. बळंच चहा पाजला. कितवीला आहे विचारलं. मी शेवटचं वर्ष म्हटलं, तर शेजारच्या माणसाला सांगितलं, ह्यो आपला वळखीचा, लई हुशार. मग मला म्हणाले, "बिडी सोडली बरं का म्या. इझवली आसं वाटायचं मला, पर न्हाई इझली आसंल. माझ्याच हातानं झालं ते. नशीब, तुमी कुणी भाजला न्हाईत."

त्यांच्याकडं बघत मी म्हणालो, "बरं केलं सोडली ते."

मग माझी बस लागली. त्यांनी माझी बॅग वर दिली.