बाबांचा अंगठा

बाबांना बहिर्वक्र हा शब्द कुणी शिकवला, त्याचा मी शोध घेते आहे. चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांचा जन्म गेला, ते ठीक. पण घरी जेवताना पळीसुद्धा हातात घेतली की सुरू: "ही पाठ बघ, बाहेर फुगलेली. ही बहिर्वक्र. काच अशी दोन्हीकडून फुगली, मध्ये जाड नि कडेला पातळ झाली, की अक्षर मोठं दिसतं. वाचायच्या चष्म्यात हेच असतं." तोवर ताटातलं गार.

आणि हेच गृहस्थ स्वतः चष्मा लावत नाहीत! पेपर लांब धरून वाचतात. हात पुरेनासा झाला की म्हणतात, छपाई वाईट. काच तपासतात ती अंगठा फिरवून. अंगठ्याला फुगवटा कळेल हो, बारीक चरा कसा कळणार? पण सांगायचं कुणाला, पालथ्या घड्यावर पाणी.

मध्यंतरी एक गिऱ्हाईक चरे पडलेली काच घेऊन दुकानात परत आलं. मालकांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर काच घासायच्या चाकावरून उठायचं. चाक सुटलं तर बाबा अंथरूण धरतील, हे मला पक्कं ठाऊक. मी त्याच दुकानात काउंटरवर बसते. दार वाजलं की आधी गिऱ्हाइकाच्या हातात पुडी आहे का ते बघे. पण नंतर एकही काच परत आली नाही. बाबांची मान आणखी ताठ! काचा पुसून पुड्यांत बांधणाऱ्या आईवर मात्र खेकसणं चालूच: "नुसतं पुसायला किती तो वेळ!"

परवा माझं डोकं फिरलं. दुकानातला वाचायचा चष्मा उचलला नि सरळ त्यांच्या नाकावर चढवला.

"लावा! बहिर्वक्रच आहे!"

ते तो काढणार, एवढ्यात नजर समोरच्या ट्रेवर गेली. एक काच उचलली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांवर चरे.

"मग... परत कशा आल्या नाहीत?" बाबा म्हणाले.

आई हातातली काच पुसतच राहिली. बाबांनी तिच्यासमोरची काच उजेडात धरली. लख्ख होती. टेबलाखाली चरे घालवायची पॉलिशची गादी दिसली, ओली. मला तर दोघांचाही राग आला. एक हट्टी, दुसरी मुकी.

"अगं, बोलली का नाहीस?" बाबांनी तिला विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही चाकच सोडलं असतं," आई म्हणाली नि गादी त्यांच्याकडे सरकवली. "आता दिसतंय ना? उरलेल्या तुम्ही करा. माझे हात भरून आलेत."