बारा सेकंदांचे आबा

हौसेराव शेडगे यांचा एकही फोटो त्यांच्या मुलाला नीट काढता आला नव्हता. चाळीसेक तरी काढले असतील. प्रत्येकात खुर्ची स्वच्छ, मागची भिंत स्वच्छ, कॅलेंडरावरची तारीखसुद्धा वाचता येते. आणि खुर्चीत माणसाच्या जागी धुकं.

हौसेराव म्हणजे आबा. साताऱ्याकडून आलेले, जन्मभर बाजारात पोती वाहिलेले. शेवटची सहा वर्षं त्यांना कंपवात होता. हात, मान, हनुवटी, सगळं हलायचं. त्यांचा मुलगा विलास माझा मित्र. ते छप्पन्नचे, मी पंचविशीचा, म्हणून मी काका म्हणतो.

विलासकाका एका इस्पितळात एक्स-रे काढतात. तिथलं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जुन्या फिल्मचे डबे भंगारात निघाले. काकांनी रीतसर अर्ज करून ते घरी आणले. वहीच्या पानापेक्षा मोठी फिल्म. तिला साजेसा कॅमेरा कुठे मिळेना. मग तो त्यांनी सानपाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बनवला. मोडक्या सागवानी पलंगाच्या फळ्या. छत्रीचं काळं कापड दुहेरी चिकटवून हार्मोनियमसारखा घड्यांचा भाता. भंगारातल्या झेरॉक्स मशीनची लेन्स. मागे स्वतः घासून दुधी केलेली काच. तिच्यावर माणसं उलटी दिसतात, डोकं खाली, पाय वर. पेटीला शटर नाही. लेन्सवरचं झाकण काढायचं, सेकंद मोजायचे, झाकण लावायचं. घरातल्या उजेडात बारा सेकंद लागतात.

हा त्यांचा तिसरा कॅमेरा. पहिल्या दोन्हींच्या भात्यातून उजेड गळायचा.

आमची ओळख खाडीच्या कडेला झाली. मी एम.ए. मराठी करून ऐरोलीला एका कंपनीत विम्याची कागदपत्रं तपासतो. सुट्टीच्या दिवशी फिरायला गेलो होतो. एक माणूस लाकडी पेटी स्टँडवर ठेवून, काळ्या कापडात डोकं घालून उभा होता. जवळच्या गावातली एक म्हातारी त्याच्यावर खेकसत होती.

"आता काय रायलाय रं मोजाला? होती नवती ती सगली जमीन घेतली ना तुमी!"

"आजी, मी फोटो काढतोय," कापडातून आवाज आला.

"पयले आलते ते पन असंच गोड बोलत व्हते."

मी हसलो. कापडातलं डोकं बाहेर आलं. "हसता काय? या, हे कापड धरा. वारा आहे."

तेव्हापासून मी कापड धरतो.

एकदा मी म्हणालो, "काका, मोबाइलवर आबा स्थिर येतात की."

"मोबाइल नुसता चिमटा काढतो. मला बारा सेकंद आबा हवेत. सबंध."

आबा टिंगल करायचे. "इलास, पोत्याचा फोटू काढ. त्ये हालत न्हाई."

"आबा, हात मांडीखाली दाबून धरा ना जरा."

"धरतो की. मग मांडी हालंल."

झोपेत हा कंप थांबतो. काकांना ते ठाऊक होतं. पण आबा दिवसा झोपत नसत. दिवसा डोळा मिटला की हमालांच्या टोळीतला नंबर जातो, म्हणायचे. टोळी सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. सुनयनाकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आबांचा डोळा लागलाय."

आबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पांढरा सदरा, हात मांडीवर. हात हलत नव्हते. मी ते हात पहिल्यांदाच नीट पाहिले. जाड बोटं, अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं.

काका पेटी घेऊन आले. फळीवर फळी न वाजवता त्यांनी स्टँड उभा केला. काकूंनी पंखा बंद केला, सदऱ्याचं टोक उडू नये म्हणून. कुकरखालचा गॅसही बंद केला, शिट्टी होऊ नये म्हणून. आम्ही तिघे अनवाणी. काकांनी झाकण काढलं आणि कुजबुजत मोजायला लागले.

"लाभ, दोन, तीन..."

बाजारात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बापाची मोजणी मुलाकडे आली होती.

बाराला झाकण लागलं. आबा जागे झाले नाहीत. काकूंनी आनंदाने तोंडावर हात ठेवला.

काका आणि मी लगेच न्हाणीघरात शिरलो. खिडकीला काळा कागद, वर लाल बल्ब. ट्रेमधल्या पाण्यात आबा हळूहळू वर आले. कान, नाक, मग एकेक बोट. काकांनी माझा खांदा दाबला. "आले," म्हणाले. आम्ही वीसेक मिनिटं तिथेच उभे होतो. एवढा आनंदी माणूस मी जवळून पाहिला नव्हता.

बाहेर काकू चहाचा कप घेऊन आबांना उठवायला गेल्या.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. कधी, ते नेमकं सांगता येणार नाही.

तेराव्याला तोच फोटो मांडला. गावाहून आबांची बहीण आली होती, शालनआत्या. फोटोसमोर बसून राहिली. "दादा असा निवांत कंदी बसलाच न्हाई," म्हणाली.

"यांनी काढलाय," काकू म्हणाल्या. "त्याच दुपारी."

काका पाणी आणायला आत गेले.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. काकू बाहेर गेल्या होत्या. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावलेली होती. काकांनी माझ्या हातात भिंग दिलं.

"बटणं बघ."

सदऱ्याला चार बटणं. प्रत्येकाला चार भोकं. भोकांतला दोरासुद्धा दिसत होता.

"सुंदर आलीत," मी म्हणालो.

"तीस वर्षं लोकांना श्वास रोखायला सांगतोय मी. श्वास चालू असेल तर छातीवरचं काही असं येत नाही. आणि हे बारा सेकंद आहेत."

मी भिंग खाली ठेवलं.

"म्हाताऱ्या माणसाचा श्वास बारीक असतो, काका."

"असेल. तेच बघायचंय मला. त्या बारा सेकंदांत आबा होते का, एवढंच. होते, आणि नंतर गेले, आपण आत फिल्म धूत असताना, तर ते मी सोसेन. पण नव्हते, तर भिंतीवर कोण आहे?"

"काकूंना सांगितलंत?"

"नाही. आणि तूही बोलायचं नाही. पंखा तिने बंद केला होता."

त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. तीच खुर्ची, तीच खिडकी, दुपारचे तेच अडीच. आबांना नवं कापड नेसवून नेलं होतं, म्हणून तो सदरा मागे राहिला होता. काकांनी तो माझ्यापुढे धरला. मी घातला. खांद्यांत सैल होत होता.

"झोप," ते म्हणाले. "खरीखुरी. दोन तास लागले तरी मी थांबतो."

मी डोळे मिटले. पंखा बंद होता. सदऱ्याला खोबरेल तेलाचा वास होता. झोप येणं शक्यच नव्हतं. समोर काका उभे होते, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. अर्ध्या तासाने मी मान एका बाजूला जाऊ दिली. तोंड जरासं उघडं ठेवलं.

फिल्मपुढचा पडदा सरकला. झाकण निघालं.

मी श्वास थांबवला.

या वेळी ते मोठ्याने मोजत नव्हते. मी मनात मोजत होतो. बारा झाले. झाकण लागलं नाही. चौदा. कानांत रक्त वाजायला लागलं. पोट आत ओढलं जात होतं, ते मी ओढू दिलं नाही. माझी मोजणी घाईची असावी. अठराला झाकण लागलं. मी श्वास थोडा थोडा, आवाज न करता सोडला. मग डोळे चोळत उठलो.

न्हाणीघरात आम्ही दोघे ट्रेवर वाकलो. आधी खुर्ची आली. मग सदरा. त्यात माझा चेहरा सर्वांत शेवटी आला. काकांनी फिल्म उचलून लाल बल्बसमोर धरली आणि भिंग लावलं. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

"आली बटणं," ते म्हणाले. "म्हणजे झोपेत येतात."

"हो."

"तू झोपला होतास ना?"

"लगेचच."

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी फिल्म पुन्हा पाण्यात सोडली. मग ओला हात माझ्या छातीवर ठेवला, बटणांवर, सबंध पंजा. तो तिथेच राहू दिला. सदरा त्यांच्या हाताखाली वर होत होता, खाली होत होता. लाल उजेडातही ते स्वच्छ दिसत होतं.

"जेवून जा," ते म्हणाले. हात मात्र त्यांनी काढला नाही.